आम्ही मेलोय का?

"दर शनिवारी पैसे मोजून परक्या बाईशी काय बोलतेस? आम्ही मेलोय का?" ताईने, जाऊबाईंनी, ऑफिसातल्या डब्याच्या गँगने, सगळ्यांनी विचारून झालं. ती परकी बाई म्हणजे माझी थेरपिस्ट. एकदाचं लिहूनच टाकते.

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा, चौथी सीट. ठाणं गेलं आणि छाती आवळली. हाताला मुंग्या, श्वास पुरेना. शेजारची बाई मांडीवर पेपर पसरून गवार मोडत होती. मी त्या शिरांच्या ढिगाकडे बघत होते. हिची भाजी निवडून होईस्तोवर मी जगते का, एवढंच डोक्यात. तिने बाटली पुढे केली, "गॅस असेल गं, ढेकर काढ." घाटकोपरला दोघींनी धरून उतरवलं. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. जसं काही मीच ते वाण्याकडून किलोभर आणलं होतं!

खरं सांगू? नॉर्मल ऐकून हायसं नाही वाटलं, लाज वाटली. घरी पित्त म्हणून सांगितलं. पुढचे तीन आठवडे स्लो लोकलने गेले, कुठल्याही स्टेशनवर उतरता यावं म्हणून.

चुलतभाऊ समुपदेशकाकडे जायचा तेव्हा "रिकामा वेळ फार" म्हणणारी मीच. पण मला कळलं नव्हतं ते थेरपिस्टने दाखवलं: स्लो पकडली की सुटल्यासारखं वाटतं, आणि त्यानेच फास्टची भीती टिकते. मग गृहपाठ. फास्टने फक्त ठाणे ते घाटकोपर. भीती दहापैकी किती, वहीत लिहायचं. नऊ. सात. परत आठ. आकड्याच्या शेजारी तेव्हा मनात आलेला विचार, आणि त्याला पुरावा काय.

हे तुमच्याशी का नाही? ताई, तुला सांगितलं की तू रडतेस, मग पाणी मीच आणून देते. जाऊबाई लगेच उपाय सांगतात. तिथे मला कुणाला सांभाळावं लागत नाही.

फी टोचते, कबूल. पैशांचीच अडचण असेल तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन आहे, २०२२पासून, १४४१६, फुकट. मराठीतही बोलतात.

आणि हो, टेन्शन होतं कर्जाचं आणि ऑफिसातल्या साहेबांचं. कर्ज तेच आहे, साहेब बदलले. आता बरं वाटतंय ते थेरपीने की त्यांच्या बदलीने, नक्की नाही सांगता येत. काही शनिवारी तर मी नुसती घड्याळाकडे बघते.

या मंगळवारी फास्टने गेले. गुरुवारी स्लो पकडली. वहीत दोन्ही लिहिलंय.