खाऱ्या हवेतले ब्रेक
कोकण किनाऱ्यावर गाडी वापरणाऱ्यांनी ब्रेक ऑइलकडे पॅडइतकेच लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. पेडलचा दाब चाकाच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारे हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. आंबा किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर तापलेल्या कॅलिपरमध्ये (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) या पाण्याची वाफ होते, दाबाचा जोर ती वाफ दाबण्यातच खर्ची पडतो आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

खाऱ्या हवेचा त्रास वेगळा. रत्नागिरीत माझ्या गाडीचे पुढचे चाक काढले, तेव्हा आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जवळपास नवा निघाला, कारण कॅलिपर ज्या पिनवर सरकतो ती गंजून अडकली होती. पिन साफ करून तिला ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे; साध्या ग्रीसने रबर फुगते. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर धरणारा तांबूस थर मात्र काळजीचा नसतो, चार वेळा ब्रेक लावताच तो निघून जातो.