भावजींचा 'च'

"ब्लेंडेडच ना ही?" विश्रामबागच्या गच्चीवर भावजींनी टीचर्स या स्कॉच व्हिस्कीची बाटली फिरवून बघितली आणि खाली ठेवली. ब्लेंडेड, म्हणजे अनेक व्हिस्की मिसळून केलेली, म्हणून हलकी, असं सांगणारा तो 'च' अजून डोक्यातून जात नाही.

मी ग्लासात बोटभर ओतली, चमचाभर साधं पाणी. बर्फ नाही. वास घेतला आणि गावाकडचं गुऱ्हाळच आठवलं. चुलाणात चिपाडं पेटली की येतो ना, तसा गोडसर धूर.

हा धूर टीचर्समधल्या आर्डमोरच्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीचा. १८९८ ची डिस्टिलरी, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीच्या, धुरावर वाळवलेली बार्ली. त्यात बाकीचे माल्ट आणि ग्रेन (गहू-मक्यासारख्या धान्यांची) व्हिस्की जुळवायची, तीही दर खेपेला तीच चव येईल अशी. केवढं कसब आहे हे! आणि स्कॉच म्हणवायला प्रत्येक थेंब किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात मुरलेला लागतो, बाटली स्वस्त असली तरी.

किंमत कळली की घोट घ्यायच्या आधीच तोंड वाकडं का होतं आपलं?