दोरा आणि वारा

दर २८ दिवसांनी हवाई नकाशे शिळे होतात. परवा दुपारी टॅबलेट चार्जिंगला लावून नवे नकाशे उतरवत बसले होते. पट्टी ६१ टक्क्यांवर येऊन रुसली. रुसलेल्या पट्टीकडे बघत बसण्यापेक्षा म्हटलं खण आवरावा. खण आवरायला घेतला की तो कधीच आवरून होत नाही, हे माहीत असूनही.

आधी हाती लागला तो जुना पामटॉप. तळहाताएवढा, टोचायच्या काडीसकट. उड्डाणाची आखणी मी पहिल्यांदा यंत्रावर केली ती याच्यावर. नकाशा वगैरे लाड नव्हते. नुसत्या आकड्यांच्या ओळी, आणि वारासुद्धा आपणच टोचून भरायचा. एकदा तीन टप्प्यांचं उड्डाण रात्री मन लावून भरून ठेवलं. सकाळी बॅटरी बसलेली आणि पडदा पाटीसारखा कोरा.

त्याच्याखाली ई-६बी होतं. १९३०च्या दशकात फिलिप डाल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने डोकं लढवून केलेली ही उड्डाणाच्या हिशोबाची गोल चकती. पारदर्शक भागावर पेन्सिलीने वाऱ्याचा ठिपका द्यायचा, चकती फिरवायची, पट्टी सरकवायची, की जमिनीवरचा वेग मिळतो. माझ्या चकतीवर एक ठिपका अजून आहे. कुठल्या दिवसाचा वारा होता कोण जाणे. पुसायला बोट नेलं आणि परत घेतलं.

आता ॲपमध्ये दोन ठिकाणी बोट टेकवलं की गुलाबी रेघ उमटते. वारा, वेळ, इंधन सगळं तयार. माझी खोड अशी, की आधी कागदावर पेन्सिलीने हिशोब करायचा आणि मगच ॲपचं उत्तर बघायचं. दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक आला तर पहिला संशय ॲपवर. चूक बहुतेक वेळा माझीच निघते, ते सोडा.

ही खोड बाबांची. लहानपणी ते ॲटलास उघडून बसायचे आणि शिवणाचा दोरा ओला करून नदीच्या वळणांवर चिकटवत न्यायचे. मग दोरा उचलून पट्टीवर सरळ धरायचा. मला दोऱ्याचं टोक दाबून धरायचं काम. मी उडायला शिकू लागले तेव्हा बाबा पाच लाखांस एक प्रमाणाच्या नकाशावरही दोरा घेऊन आले. एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर. ॲपच्या आकड्यात आणि त्यांच्यात दीड मैलाचा फरक पडला.

"दोरा ओला होता," बाबा म्हणाले.

वाऱ्यावरून मात्र त्यांनी हार मानली नाही. जाताना समोरून वारा आला तर येताना तोच पाठीशी असतो, म्हणजे फिटंफाट, असं त्यांचं म्हणणं. मी कागद पुढे केला. विमानाचा वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १०० सागरी मैल, वारा २०, अंतर १२० सागरी मैल. जायला दीड तास, यायला एक. वाराच नसता तर जाऊन-येऊन दोन तास चोवीस मिनिटं. सहा मिनिटं कुठे गेली? बाबांनी कागद उलटा करून पाहिला. जणू ती मागे लपली होती.

टॅबलेटवरची पट्टी पुरी झाली. उगाच जुन्या आखण्या चाळल्या. उडण्याआधी प्रत्येकाचं वजन भरावं लागतं. लोक दोन-चार किलो कमीच सांगतात, म्हणून मी मनातल्या मनात वाढवून भरते. बाबा काट्यावर उभे राहून येतात आणि खरा आकडा सांगतात.

उजवी सीट : ७४. पुढची आखणी : ७१. मग ६६. गेल्या महिन्यातली : ५९.

हे सगळे आकडे मीच टाइप केलेले. एकेक करून.

शेजारच्या विमानाच्या वजन-तोलाच्या आकृतीत ठिपका दर वेळी जरासा खाली सरकलेला, पण चौकटीच्या आत. हिरवा.