खांदे

"पाय जमिनीला टेकलेत, ते जाणवतंय?"

पणजीतल्या थेरपिस्टचा आज पहिला प्रश्न हा. मी तर अख्खा अपघात सांगायच्या तयारीने गेले होते. पर्वरीचा उतार, पाऊस, ट्रकचा हॉर्न. ती म्हणाली, "आज गोष्ट नको. खांदे काय म्हणतात ते बघूया."

खांदे कानापर्यंत चढले होते. दोन वर्षं असेच असावेत.

मध्येच हात थरथरले. मी आवरायला गेले तर म्हणाली, "थरथरू दे. नको वाटलं तर लगेच थांबू." जड झालं की खिडकीबाहेरच्या माडाकडे बघायचं, मग परत थोडंसंच आत. सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंगमध्ये, म्हणजे शरीराच्या जाणिवांमधून आघातावर काम करणाऱ्या या थेरपीत, असं थेंबाथेंबानेच जातात.

घरी येऊन दुपारभर झोपले. आई म्हणाली, "किती दिवसांनी गाढ निजलीस गो."

तुमचे खांदे आत्ता कुठे आहेत?