रोमची सात चर्चची पदयात्रा: बुधवारी करू नका, आणि क्वो वादिसनंतर बस धरा

रोममधल्या सात मोठ्या चर्चना एका दिवसात पायी भेट देण्याच्या या वाटेबद्दल बहुतेक ठिकाणी एकच लिहिलेलं सापडतं: 'शहरातली सोपी चाल, 20-25 किलोमीटर.' अंतर बरोबर आहे. सरळ चाललं तर 20 च्या आसपासच होतं. 'सोपी' मात्र खोटं आहे. जीव मुठीत धरायला लावणारा तुकडा एक किलोमीटरही नाही, पण त्याबद्दल कुणी धड सांगत नाही.

ही वाट सोळाव्या शतकात संत फिलिप नेरींनी लोकांना घेऊन चालायला सुरुवात केली. क्रम असा: सेंट पीटर्स, सान पाओलो, सान सेबास्तियानो, सान जोव्हान्नी, सांता क्रोचे, सान लोरेन्झो, सांता मारिया माज्जोरे. 2000 च्या ज्युबिलीत, म्हणजे कॅथलिक पवित्र वर्षात, सान सेबास्तियानोच्या जागी दिविनो आमोरे हे देवस्थान घातलं होतं. ते शहरापासून बरंच लांब आहे. त्या यादीवरून निघालात तर दिवस फुकट जाईल.

वार आधी ठरवा. बुधवारी पोप लिओंची आम भेट असते, त्यामुळे दुपारपर्यंत सेंट पीटर्सच्या आत जाता येत नाही. त्याच दिवशी सान कॅलिस्तोची भुयारी दफनस्थळंही बंद असतात, आणि त्यांच्या आवारातली वाट तर पुढे लागणारच आहे. रविवारी मिस्सा (प्रार्थनाविधी) चालू असतात, निवांत फिरता येत नाही. मंगळवार किंवा गुरुवार उत्तम.

सकाळी सातला सेंट पीटर्सच्या तपासणीच्या रांगेत उभे राहा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, खिशात चाकू नको. बाहेर 'रांग टाळून आत नेतो' म्हणणारे भेटतील. बॅसिलिकेत जायला पैसे पडत नाहीत. पोपच्या आम भेटीचे पासही फुकट असतात, त्यांचे पैसे मागणाऱ्याकडे वळूनही बघू नका. कुमसार (पापांची कबुली) इथेच उरकून घ्या. कुठल्या भाषेत ऐकतात ते कन्फेशनलवर लिहिलेलं असतं, इंग्रजी मिळतंच.

तिथून सान पाओलोपर्यंत साडेसहा किलोमीटर. नदीकाठ बरा आहे, शेवटचा ओस्तिएन्से रस्ता कंटाळवाणा. कंटाळा आला तर पिरामिदेपासून मेट्रो बी घ्या, त्यात काही पाप नाही.

सान पाओलोनंतर व्हिया देल्ले सेत्ते किएझे लागतो. रस्त्याचं नावच सात चर्चचं, म्हणून गाफील राहू नका. गार्बातेल्लात पदपथ आहे, चाल सुखाची आहे. कोलोम्बो हा रुंद हमरस्ता सिग्नलवरच ओलांडा. दोमितिल्लाची दफनस्थळं मागे पडली, आर्देआतिना रस्ता ओलांडला की शेवटची गल्ली अरुंद होते. दोन्ही बाजूंना भिंत आणि मध्ये गाड्या. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने एकामागे एक चाला, गटाने जपमाळ म्हणत पसरून नको. पावसाळी दिवस असेल तर भडक रंगाचं जॅकेट वर घाला.

सान सेबास्तियानोत बर्निनीचा ख्रिस्ताचा अर्धपुतळा आणि येशूच्या मानल्या जाणाऱ्या पावलांच्या ठशांचा मूळ दगड आहे. पुढे क्वो वादिस चर्चमध्ये दिसते ती त्याचीच प्रतिकृती. बॅसिलिका फुकट, भुयारांना तिकीट. पदयात्रेच्या दिवशी भुयारांच्या फंदात पडू नका, वेळ पुरत नाही.

आता खरी गोष्ट. इथून क्वो वादिसपर्यंत आप्पिया या प्राचीन रस्त्याने जाऊ नका. जवळच सान कॅलिस्तोच्या आवाराचं फाटक आहे, आतून सुरूच्या झाडांमधली गाड्यांविना वाट थेट क्वो वादिसच्या तिठ्यावर उतरते. हा अख्ख्या दिवसातला सगळ्यात सुंदर किलोमीटर, आणि तिथेच माणूस फसतो. मन हलकं झालेलं असतं, नकाशा म्हणतो पोर्ता सान सेबास्तियानो ही शहराची वेस आठ-नऊशे मीटरवर, आणि पाय आपोआप पुढे पडतात.

त्या आठ-नऊशे मीटरांत बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही. उंच भिंती, काळ्या दगडांची खडबडीत फरसबंदी, आणि बस आली की भिंतीला पाठ चिकटवून उभं राहायचं. आरसा कोपराजवळून जातो. रविवारी आणि सुट्टीला आप्पियाचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात, तरी बस आणि रहिवाशांच्या गाड्या येतातच. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर इथे चालणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्यात भक्ती वगैरे काही नाही.

क्वो वादिसच्या थांब्यावर 218 धरा, ती सान जोव्हान्नीला जाते. 118 सुद्धा तिथेच थांबते, पण ती सिर्को मास्सिमोकडे नेते. तिकीट दीड युरो, 100 मिनिटं चालतं. कार्ड टॅप करून जाता येतं, मात्र दर माणशी वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर अख्खा गट चढला की तपासनीस दंड लावतो. गटासाठी कागदी तिकिटं सकाळीच तबाक्कीतून (तंबाखूच्या दुकानातून) घेऊन ठेवा, आप्पियावर दुकान शोधत बसाल. बस कमी आहेत, अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. तरीही चालायचंच असेल तर वेशीपर्यंत जीव सांभाळा, आणि वेशीतून आत न शिरता उजवीकडे वळा. तटबंदी डाव्या हाताला ठेवून पोर्ता लातिना, पोर्ता मेत्रोनिया करत गेलात की निदान श्वास घेता येतो.

सान जोव्हान्नीला दुपार होते. समोरच्या स्काला सांता या पवित्र जिन्याच्या 28 पायऱ्या गुडघ्यांवर चढायच्या असतात. ती जागाही दुपारी मध्यंतर घेते, आणि गुडघे आधीच बोलत असतील तर सोडून द्या. सांता क्रोचे दहा मिनिटांवर आहे. सान लोरेन्झो दुपारी बंद असतं, चारच्या आधी पोचण्यात अर्थ नाही. जेवण इथेच लांबवा. पोर्ता माज्जोरेचा चौक ट्रामच्या रुळांनी भरलेला आणि गोंधळाचा आहे. तिथून 3 किंवा 19 नंबरची ट्राम सान लोरेन्झोजवळच्या वेरानोला नेते, रुळांची कामं चालू असली तर बदली बस असते.

शेवटी सांता मारिया माज्जोरे. पोप फ्रान्सिस इथे 26 एप्रिल 2025 पासून विसावले आहेत. कबरीवर एकच शब्द, 'फ्रान्सिस्कुस'. रांग तिथे थांबू देत नाही, फोटो काढत रेंगाळलात की सेवक पुढे सरकवतात. प्रार्थना करायची तर शेजारच्या पाओलिना चॅपलमध्ये बसा, परदेशवारीच्या आधी आणि नंतर पोप फ्रान्सिस जिच्यापुढे येत ती मरियामातेची प्रतिमा तिथेच आहे. दार संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास बंद होतं, आणि रांग त्याच्या आधीच तोडतात. साडेपाचपर्यंत पोचा.