लुंगथानला पंप बघायला गेलो आणि अणुबाँबचा विषय निघाला

मी तैवानमधे शिनचूला असतो, काम व्हॅक्यूम पंपांच्या सर्व्हिसचं. चिपच्या कारखान्यात मशीनच्या आतली हवा ओढून काढणारे पंप असतात, ते आम्ही सांभाळतो, आणि बिघडले की रात्रीबेरात्री आम्हालाच उठवतात. त्या दिवशीचा कॉल लुंगथानचा होता, ताओयुआनकडे. तिथल्या सायन्स पार्कात चिप पॅकेजिंगचा एक प्लांट आहे, पंपाचा करंट सकाळपासून चढत होता आणि एक्झॉस्टचं प्रेशर पण.

सोबत आमचे एक सिनियर होते, रिटायरमेंटला आलेले, मी त्यांना दादाच म्हणतो. दादा पाइपवर हात फिरवत फिरवत गेले आणि एका एल्बोपाशी थांबले, इथे गार लागतंय म्हणाले. तिथलं हीटर जॅकेट गेलेलं. या प्रोसेसमधे एक पांढरी पावडर तयार होते, पाइप गरम असेल तोवर ती वाफेच्या रूपात पुढे निघून जाते आणि जिथे गार मिळेल तिथे बसते, पाइप उघडला तर आत चुना भरल्यासारखं, बोट जाईल एवढीच वाट उरलेली. अलार्म वाजेपर्यंत थांबले असते तर पंप जॅम झाला असता आणि आतले वेफर, म्हणजे ज्या चकत्यांवर चिप बनतात त्या, गेले असते, त्याचा हिशोब मला नको.

पाइप बदलला, जॅकेट नवीन लावलं, मग हेलियम लीक टेस्ट. जॉइंटवर बाहेरून हेलियम सोडायचा आणि तो आत शिरतोय का हे डिटेक्टरवर बघत बसायचं, कंटाळवाणं काम. तेव्हा दादा सहज म्हणाले, हे मशीन मुळात कुणासाठी बनलं माहितीये का? मला माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बाँबसाठी युरेनियम समृद्ध करायचे प्रचंड प्लांट उभारले, त्यातले मैलोनमैल पाइप कुठे गळतात हे शोधायला हा डिटेक्टर तयार केला. पुढे म्हणाले, माझ्या मोठ्या भावाने पण हेच मशीन चालवलंय, इथेच, आणि हाताने नुसती दिशा दाखवली.

लुंगथानला तैवानची अणुसंशोधन संस्था आहे हे मी ऐकून होतो, पण खरी गोष्ट त्या दिवशी डबा खाताना कळली.

1964च्या ऑक्टोबरात चीनने पहिला अणुबाँब उडवला आणि तैवानचे राष्ट्राध्यक्ष च्यांग काय-शेक यांनी ठरवलं की आपल्याकडे पण पाहिजे. 14 कोटी डॉलरचा प्लॅन झाला. तो तपासायला वू ता-यू नावाच्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाकडे दिला तर त्यांनी स्वच्छ नको म्हणून सांगितलं, खर्च तुम्ही धरलाय त्यापेक्षा फार जास्त होणार आणि बाकीचं विज्ञान उपाशी राहणार. दादा या माणसाचं नाव फार आदराने घेतात. पण सरकारने अर्धंच ऐकलं, प्लॅन कागदावर गुंडाळला आणि कॅनडाकडून 40 मेगावॅटचा हेवी वॉटर रिॲक्टर घेतला, संशोधनासाठी म्हणून, तो 1973ला लुंगथानला सुरू झाला.

इथे मी जेवता जेवता थांबलो. कारण 40 मेगावॅट, हेवी वॉटर, कॅनडा म्हणजे आपल्या ट्रॉम्बेचा सायरस रिॲक्टर! माझे मामा बीएआरसीत होते, सुट्टीत अणुशक्तीनगरला राहायला जायचो तेव्हा सायरस हे नाव घरच्या माणसासारखं ऐकलंय. असल्या रिॲक्टरच्या वापरलेल्या इंधनातून बाँबला लागणारं प्लुटोनियम वेगळं काढता येतं, 1974च्या पोखरणच्या अणुस्फोटाला ते त्याच सायरसमधून आलं. दादा हसले, म्हणाले हो, तुमच्यामुळेच आमच्यावरची नजर कडक झाली. खरंच आहे, त्याच जातीच्या रिॲक्टरमधून भारताने स्फोट केला म्हटल्यावर अमेरिकेला लुंगथानच्या काळजीने झोप लागेना, 1976-77ला दम देऊन देऊन प्लुटोनियम वेगळं काढायचं काम थांबवायला लावलं.

आणि त्याच 1974च्या फेब्रुवारीत तायपेच्या एका सोयामिल्कच्या दुकानात सकाळी नाश्त्याला काही मंडळी बसली होती, आर्थिक व्यवहार मंत्री सुन युन-श्वान आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीतले पान वन-युआन वगैरे. पानसाहेब म्हणाले इंटिग्रेटेड सर्किट करा, 1 कोटी डॉलर आणि 4 वर्षं लागतील. 1976ला पोरं आरसीएत शिकायला गेली, 1980ला शिनचूचं सायन्स पार्क, 1987ला टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी. दादा आयटीआय टाइप शाळेतून निघून पार्कात लागले आणि भाऊ लुंगथानला. एकाच घरातून.

मग 1988चा जानेवारी. लुंगथानच्या अणुसंशोधन संस्थेचे उपसंचालक चांग शियन-यी, जे बरीच वर्षं सीआयएला माहिती देत होते, बायकापोरांसकट अमेरिकेला गेले, त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-क्वो वारले आणि अमेरिकेने रिॲक्टर बंदच करायला लावला. दादांचा भाऊ पुढे तिथेच स्कॅनिंगला लागणारी रेडिओ-औषधं बनवायच्या विभागात गेला. आजही घरी विषय निघाला की भाऊ चांगना गद्दार म्हणतो आणि दादा म्हणतात त्या माणसाने आपल्याला एका युद्धातून वाचवलं, वहिनी दोघांना जेवायला वाढून आत जाते.

मी म्हटलं म्हणजे तुम्ही बाँब सोडून चिप निवडली. दादांना ते वाक्य आवडलं नाही. निवडली कसली, दोन्ही चालू होतं, एक हात पिरगाळून सोडवला, दुसरा मोकळा होता म्हणून चालला. आणि लुंगथानला अजून क्षेपणास्त्रं बनतात, एवढे काही आम्ही साधू नाही. मला तरी वाटतं निवड होतीच, फक्त ती बाँबवाल्यांनी केली नाही, वू ता-यूंनी आणि सोयामिल्कवाल्यांनी केली.

डिटेक्टर शांत राहिला, पंप चालू केला, करंट जागेवर आला, कस्टमरने सही दिली.

रात्री मामांना फोन करून सगळं सांगितलं, वाटलं खूश होतील. तर ते म्हणाले, हे बघ, त्यांच्या मागे अमेरिका होती, 1979ला तिने तैवानची मान्यता काढून बीजिंगला दिली तरी शस्त्रं देत राहिली, आपल्या मागे कोण होतं? आणि बाँब केला म्हणून आपण चिपमधे मागे पडलो असलं काही डोक्यात घेऊ नकोस, मोहालीला आपली पण सरकारी चिपची कंपनी होती, 1984ला उत्पादन पण सुरू झालं होतं, 1989ला तिथे आग लागली, त्यानंतर किती वर्षं कुणाला घाई नव्हती ते विचार, त्याचा पोखरणशी काय संबंध? मी गप्प बसलो. मोहालीचं दादांना सांगायचंय, पुढच्या महिन्यात लुंगथानला पंपांची ठरलेली देखभाल आहे तेव्हा विचारतो.