नारितातला होम

१९ नोव्हेंबर, नारिता विमानतळ, संध्याकाळ

विमानाला दीड तास आहे. आजचं आजच लिहून ठेवते. उद्या मुंबईत उतरलं की बॅगा, गाडी, वाईपर्यंतचा घाट, यात हा दिवस बाजूला पडेल आणि तो पडू नये असं फार वाटतंय.

काल संध्याकाळी सिअ‍ॅटलहून इथे उतरले. मुंबईचं विमान आज संध्याकाळचं. लेकीने व्हिसा आधीच काढून ठेवला होता आणि बजावलंही होतं, "आई, हॉटेलात पडून राहू नकोस हं." टोकियो गाठायला तासभर तरी लागतो. एकटीने एवढं लांब जायचा धीर होईना, म्हणून केइसेई रेल्वेची गाडी पकडून दहा मिनिटांवरच्या नारिता गावात गेले. सगळे इथून पुढे टोकियोला जातात. मी गावातच राहिले, आणि बरं झालं.

स्टेशनपासून देवळापर्यंत ओमोतेसांदो नावाचा रस्ता आहे, वळणं घेत उतरत जाणारा. दोन्ही बाजूंना जुनी लाकडी दुकानं. एका दुकानात रस्त्याच्या कडेलाच फळी मांडून एक माणूस वाम चिरत होता. डोक्यात खिळा ठोकून मासा फळीला पक्का केला, पाठीकडून एका रेषेत सुरी ओढली, काटा सोडवला, की पुढचा मासा. इकडे पाठ चिरतात आणि क्योतो-ओसाकाकडे पोट. मग वाफवून निखाऱ्यावर भाजतात. मी शाकाहारी, पण त्या हातांची सफाई बघत किती वेळ उभी होते! पुढे भाजलेल्या शेंगांचा वास आला. जपानातल्या भुईमुगाचं बहुतेक पीक याच चिबा प्रांतात निघतं. वहिनीसाठी एक पुडा घेतला. काकडीसारखं फळ पोखरून, त्यात शिसो नावाच्या वासाच्या पानात गुंडाळलेली मिरची भरून, सोया सॉसमध्ये मुरवलेलं लोणचंही होतं. आपली भरली मिरची आठवली.

रस्ता संपतो तिथे शिन्शोजी. हे देऊळ सन ९४० मधलं. तैरा नो मासाकादो या सरदाराने बंड केलं, तेव्हा सम्राटाच्या आज्ञेवरून कान्चो नावाचा भिक्षू क्योतोहून फुदो म्योओ या बौद्ध देवतेची मूर्ती घेऊन इकडे आला आणि त्याने एकवीस दिवस होम केला. शेवटच्या दिवशी बंड मोडलं. मूर्ती परत न्यायला निघाले तर ती जागची हलेना, म्हणून इथेच देऊळ उभं राहिलं, अशी आख्यायिका. फुदो म्हणजे न हलणारा. मूळ संस्कृत नाव अचल. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश, पाठीमागे ज्वाळा.

होमाला इथे 'गोमा' म्हणतात. शब्द आपलाच. शुभकरसिंहासारखे भारतीय आचार्य आठव्या शतकात चीनमध्ये गेले, त्यांच्या परंपरेतून हा विधी तिथे रुजला आणि नवव्या शतकाच्या सुरुवातीला कूकाई या जपानी भिक्षूने तो जपानात आणला. दिवसातून अनेकदा होम असतो. मी पादत्राणं पिशवीत घालून आत गेले आणि तातामीच्या चटईवर मागे बसले.

भला मोठा ढोल वाजायला लागला तेव्हा छातीत धडधडलं. मधल्या वेदीवर मुख्य पुजाऱ्याने समिधा रचल्या, आडव्या-उभ्या, चौकोनात. आणि त्याच्या हातात लांब दांड्याच्या दोन पळ्या, एक मोठी, एक लहान! बाबांच्या लाकडी पळ्याच जशा. बाबा वाईत याज्ञिकी करायचे. आघाडा, रुई, पळस, खैर अशा समिधा मोजून जुड्या बांधायचं काम लहानपणी माझं. त्यांचं एकच सांगणं असायचं: आहुती देताना हात आखडायचा नाही. 'इदं न मम' म्हटलं की ते आपलं उरलं नाही.

मंत्र सुरू झाला: "नौमाकु सानमांदा बाझारादान सेंदा माकारोशादा..." पहिल्या शब्दाला कान टवकारले. आता इथे येऊन फोनवर शोधलं: नमः समन्तवज्राणां चण्ड महारोषण. नमः चं नौमाकु झालंय, पण बसणं, पळी धरणं, आगीकडे बघणं तेच. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आज त्यांना हे सांगावंसं किती वाटलं!

शेवटी लोक रांगेने पुढे गेले. आपापली पर्स, पिशवी पुजाऱ्यांकडे द्यायची, ते ती होमाच्या ज्वाळेवर धरून परत देतात. माझ्या पर्समध्ये पासपोर्ट, गोळ्या आणि बाळाचा एक मोजा. सव्वादोन महिन्यांची नात. काल विमानतळावर तिला लेकीच्या हातात परत देताना माझे हात सुटत नव्हते. निघताना तिच्या पायातून गळून पडलेला मोजा मी तसाच पर्समध्ये टाकला होता.

तरुण पुजाऱ्यापुढे पर्स केली, तरी पट्ट्यावरची बोटं सैल होईनात. तो थांबला. घाई केली नाही, हसलाही नाही. मग तोंडातून आपसूक 'इदं न मम' निघालं आणि पट्टा सुटला. त्याने दोन्ही हातांनी पर्स ज्वाळेवर धरली, वाकून परत दिली. कातडं कोमट झालं होतं.

नंतर मागच्या बागेत तळ्याकाठी बसले. मेपलची पानं लाल होऊ लागली होती. डबा उघडून लेकीने दिलेली थालीपिठं खाल्ली.

आत्ता पर्समधून मोजा काढून नाकाशी धरला. धूर जेमतेम लागलाय. बाळाच्या तेलाचा वास तसाच आहे.